सदाफुले, आधी झांजा

सदाफुले, आधी झांजा.
ताटांसारख्या आडव्या रचू नकोस,
उभ्या ठेव, मधे एकेक जुनं बनियन.
कडेला धरलंस तर बोट कापेल,
आणि बोटापेक्षा कड महाग आहे.
हसून सांगतोय, पण खरं आहे.

स्टँडचे नट या डब्यात, अंजीरबर्फीच्या.
फुलपाखरी आठ, फेल्टच्या चकत्या अकरा.
भायखळ्याच्या एका लग्नात एकच नट पडला कुठेतरी,
तर मोठी झांज रात्रभर
दात दुखणाऱ्या पोरासारखी मान हलवत होती.

एक बाजू उघडली की लहान टॉम मोठ्याच्या पोटात,
मधे चादर.
चामड्याला लोखंड लागता कामा नये.
चामडं म्हणतो मी अजून. असतं प्लॅस्टिकच.

आणि ही स्नेअर.
हिच्या पोटाखाली तारा आहेत, तो खटका खाली पाड,
नाहीतर टेम्पोच्या भोंग्यालाही उत्तरं देत बसेल
चारकोपपर्यंत.
घरात कुणी शिंकलं तरी ही बोलायची.
बाबा गेले त्या रात्री मोठ्यानं कुणीच रडलं नाही
तरी ही कोपऱ्यात चरचरत होती, बारीक.
शेवटी मी उठलो आणि खटका पाडला.
तुला कशाला सांगतोय हे.
पाड खटका.

बास ड्रम शेवटी.
त्यातली उशी काढायची नाही.
आवाज दबावा म्हणून सत्त्याण्णव साली घातली,
आई तीन दिवस शोधत होती.
परवा दाखवली, तर खोळीवरची फुलं ओळखली तिनं.
म्हणाली, राहू दे आत,
इतक्या वर्षांत सवय झाली असेल तिला.

लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून वळणावळणानं
ड्रम पोटाशी धरून उतरलो, बाळंतिणीसारखा.
दुसऱ्या मजल्यावर टंकसाळे दारात.
सव्वीस वर्षं छताला काठी ठोकणारा माणूस.
मी मान खाली घातली आणि उतरत राहिलो.

ते मागोमाग आले, लुंगीवरच, थेट टेम्पोपाशी.
मी बांधलेली दोरी पाहिली
आणि काही न बोलता सगळी सोडली.
उभी हयात गोदीत गेलेली, विंचवर.
म्हणाले, माल ढिला बांधला तर आपटून फुटतो,
आवळला तर न आपटता फुटतो.
गादीचा तुकडा इथे. पुठ्ठा तिथे.
बास ड्रम गडगडेल, त्याला दोन्हीकडून पाचर.
झांजांची पेटी केबिनच्या पाठीला टेकवून.
सदाफुले निमूट ऐकत होता,
माझं इतकं ऐकलं नव्हतं त्यानं.

काठी का ठोकायचात, मी विचारलं.
"रागानं."
मग गाठ ओढता ओढता, माझ्याकडे न बघता,
"पण तुझी लय धावायची रे.
म्हणून मी लयीत ठोकायचो."

खरं की थट्टा, कोण जाणे.
गाठ मात्र अशी, की एक टोक ओढलं की सुटावी.

मागे हौद्यात बसलो, ड्रमच्याच गोल स्टुलावर,
एक हात पेटीवर.
शिवडीचे खड्डे आले, सायनला वाहतूक अडली,
गोरेगावला सदाफुलेच्या मालकानं शिव्या देत करकचून ब्रेक दाबला.
काहीच वाजलं नाही.
इतका वेळ गप्प राहिलेला हा सेट
मी याआधी कधी पाहिला नव्हता.

चारकोपला टोक ओढलं. गाठ सुटली.
नवं घर सातव्या मजल्यावर, लिफ्ट आहे,
दोन फेऱ्यांत सगळं वर.
नट मोजले. आठ. चकत्या दहाच,
एक डब्याच्या झाकणाला चिकटलेली सापडली.

वॉचमनला विचारलं, आमच्या खाली कोण राहतं?
"रिकामाच आहे फ्लॅट."

सेट लावून झालाय.
स्नेअरचा खटका
अजून वर केलेला नाही.